रामनगरचा किल्ला : नदीकाठच्या राजगृहाची रचना

घर आणि परिसर

घर म्हणजे हवा, पाणी, माती आणि मनुष्याच्या गरजा यांनी मिळून विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर होय. प्रश्न बदलला की उत्तर बदलते. इंग्लंडमधील जुने शेतघर पाहिले असता याची खूण पटते. तेथे ओकच्या जाड वाशांचा सांगाडा उभा करीत, वाशांमधील जागा काटक्यांच्या कुडाने भरीत आणि त्यावर मातीचा लेप देत. मध्यभागी मोठे दालन असे व त्या दालनाच्या मध्यावर उघडी चूल पेटत असे. धूर छपरातून वाट काढी. सोळाव्या आणि सतराव्या शतकांत विटांचे धुराडे बांधण्याची रीत सर्वसामान्य झाली, तेव्हा दालनाची उंची मोकळी ठेवण्याचे कारण उरले नाही. त्या उंचीत मजला घालून माडी करण्यात आली. थंडीच्या देशात घराचे हृदय चुलीपाशी असते, आणि चूल हलली की सारे घर हलते, असा याचा अर्थ आहे.

आपल्याकडील घराचे हृदय चुलीपाशी नसून चौकात आहे. कोकणातील घर पावसाला तोंड देण्यासाठी उतरते छप्पर आणि रुंद पडवी धारण करते. सोलापूरकडचे माळवदी घर कोरड्या उन्हाला तोंड देण्यासाठी जाड भिंती आणि मातीचे सपाट धाबे धारण करते. परंतु देशावरचा वाडा असो की उत्तर हिंदुस्थानातील हवेली असो, मध्ये आकाशाला उघडा असलेला चौक आणि त्याच्या भोवती सोपे व खोल्या, ही मांडणी सर्वत्र आढळते. हीच मांडणी मोठ्या प्रमाणावर, घडीव दगडात आणि एका महानदीच्या काठावर कशी साकार झाली, हे पाहावयाचे असेल तर वाराणसीसमोरील रामनगरच्या किल्ल्यासारखे उदाहरण विरळा. त्याला किल्ला म्हणतात खरे; परंतु तो मुख्यतः एका राजघराण्याचे निवासस्थान आहे आणि निवासस्थान म्हणूनच त्याचा येथे विचार करावयाचा आहे.

स्थळाची निवड

वाराणसी शहर गंगेच्या पश्चिम तीरावर वसले आहे. येथे नदी काही अंतर उत्तरवाहिनी होते. शहराच्या बाजूचा काठ कंकरमिश्रित घट्ट मातीचा व उंच आहे. म्हणूनच शतकानुशतके त्यावर घाटांची रांग टिकून राहिली. घाटांसमोरच्या पूर्व तीरावर मात्र पावसाळ्यानंतर वाळूचे विस्तीर्ण मैदान दिसते. या पूर्व तीरावर, शहराच्या दक्षिण टोकासमोर जरा वरच्या अंगाला रामनगर आहे.

काशीचे राजे बलवंतसिंह यांनी सुमारे १७५० साली येथे किल्ला बांधविला. त्यापूर्वी या घराण्याचे ठाणे गंगापूर येथे होते. बलवंतसिंह हे त्या काळी अयोध्येच्या नबाबाच्या अधिसत्तेखाली होते, आणि ती अधिसत्ता त्यांना जाचत होती. अयोध्येचा प्रदेश गंगेच्या पलीकडे वायव्येस पडतो. नकाशावर बोट ठेवून पाहिल्यास ध्यानात येईल की, रामनगरला जो राहील त्याच्या आणि नबाबाच्या सैन्याच्या दरम्यान गंगेचे पात्र येते. घराची जागा निवडताना शेतकरी विहीर व बांध पाहतो. राजा नदी आणि शत्रू पाहतो. दोघांचा हिशेब मात्र एकाच जातीचा असतो.

चुनारचा दगड

किल्ल्याचा रंग फिकट पिवळसर, सायीसारखा आहे. हा रंग चुन्याच्या हाताचा नव्हे, दगडाचाच आहे. वाराणसीपासून नैर्ऋत्येस सुमारे ४० किलोमीटरांवर चुनार नावाचे गाव आहे. तेथे विंध्य पर्वतरांगेची टोके गंगेला येऊन भिडतात आणि बारीक कणांचा उत्तम वालुकाश्म मिळतो. शंभर कोटींहून अधिक वर्षांपूर्वी उथळ पाण्याच्या तळाशी वाळूचे थर साचत गेले. वरच्या थरांच्या भाराने ते दाबले गेले, आणि कणांच्या फटींत शिरलेल्या सिलिकेने ते एकमेकांस जोडले गेले. वालुकाश्म तयार होण्याची ही रीत होय. थर सावकाश आणि समान साचले असल्याने या दगडाचा पोत एकसारखा असतो. छिन्नी कोणत्याही दिशेने चालविली तरी धार सुबक येते.

हा गुण फार प्राचीन काळापासून ज्ञात होता. सम्राट अशोकाचे स्तंभ याच दगडाचे आहेत. सारनाथचे चार सिंहांचे शीर्ष, जे भारताने २६ जानेवारी १९५० रोजी राजमुद्रा म्हणून स्वीकारले, तेही चुनारच्या वालुकाश्मातच कोरलेले आहे.

दगड उत्तम असून भागत नाही. तो बांधकामापर्यंत आला पाहिजे. एक घनमीटर वालुकाश्माचे वजन सव्वादोन ते अडीच टन भरते. एवढा भार बैलगाडीने वाहून नेणे म्हणजे रस्ता आणि बैल या दोहोंचा अंत पाहणे होय. परंतु चुनार गंगेच्या काठावर आहे आणि रामनगर त्याच प्रवाहाच्या खालच्या अंगाला आहे. भरलेली नाव प्रवाहाबरोबर खाली यावयाची आणि रिकामी नाव वर न्यावयाची, अशी ही निसर्गाने आखून दिलेली वाट होती. वाराणसीचे घाट, अहिल्याबाई होळकरांनी १७८० च्या सुमारास बांधविलेले विश्वनाथाचे मंदिर, नागपूरकर भोसल्यांचा घाट, ही सारी बांधकामे घडीव दगडात का झाली याचे एक मोठे कारण या जलमार्गात आहे. मराठ्यांच्या घाटांचा पाषाण आणि रामनगरच्या किल्ल्याचा पाषाण ही एकाच डोंगराची लेकरे आहेत.

पाथरवटाला दगडाचा एक नियम पाळावा लागतो. खाणीत थर जसे आडवे पडलेले असतात, तसेच ते भिंतीतही आडवे बसवावे लागतात. पुस्तकाची पाने आडवी ठेवून त्यावर वजन ठेवले तर ती दबतात. तेच पुस्तक उभे धरून वरून दाबले तर पाने फाकतात. थर उभे करून बसविलेल्या दगडाचे पापुद्रे याच कारणाने सुटतात.

पाया आणि पूर

नदीकाठच्या इमारतीचा खरा शत्रू तोफ नसून पाणी असते. वाराणसी येथे गंगेची धोक्याची पातळी समुद्रसपाटीपासून ७१.२६२ मीटर मानली जाते, आणि १९७८ सालच्या पुरात पाणी ७३.९०१ मीटरांपर्यंत चढले होते. उन्हाळ्यातील पातळीपेक्षा ही उंची दहा मीटरांहून अधिक आहे. म्हणजे एका ऋतूत नदी तीन मजली घराएवढी चढते व पुन्हा उतरते. रामनगरच्या किल्ल्याची राहती दालने या चढउताराच्या वर राहतील इतक्या उंचीवर घेतलेली आहेत. खालचा भाग हा घराचा नव्हे, तटाचा आहे. वाड्याच्या जोत्याचे जे काम, तेच येथे उंच तट करतो.

पूर चढत असताना भिंतीला धोका असतो. परंतु तो उतरत असताना अधिक धोका असतो, ही गोष्ट अनेकांच्या ध्यानात येत नाही. पाणी चढलेले असते तेव्हा भिंतीच्या बाहेरून नदी आत रेटा देते आणि आतून माती बाहेर रेटा देते; दोन्ही बऱ्याच अंशी एकमेकांस तोलून धरतात. पुढे नदी झपाट्याने उतरते. बाहेरचा आधार नाहीसा होतो, पण भिंतीमागची माती भिजलेलीच राहते. तिच्यात कोंडलेले पाणी बाहेर पडावयास वेळ लागतो. त्या दिवसांत ओल्या मातीचा सारा भार एकट्या भिंतीवर येतो. म्हणून नदीकाठची भिंत तळाशी जाड व वर निमुळती घेतात, तिला ठिकठिकाणी बुरुजांचा धिरा देतात आणि आतले पाणी निघून जाण्यास वाट ठेवतात. नदीत उतरणाऱ्या घाटाच्या पायऱ्याही केवळ स्नानासाठी नसतात. पायथ्याशी टाकलेला तो एक रुंद टेकूच असतो.

या नियमाकडे नदी काणाडोळा करू देत नाही. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांनी १८३० च्या सुमारास वाराणसीत एक भव्य घाट उभारण्यास आरंभ केला. त्याचे दगडी काम इतके वजनदार होते की काठची जमीन त्याच्या भाराने खचली आणि घाट ढासळला. पुढे तो पुन्हा बांधावा लागला. त्याच्या शेजारचे रत्नेश्वराचे मंदिर आजही एका बाजूस कललेले दिसते. दगड कितीही भक्कम असला तरी इमारत उभी असते ती जमिनीवर. आणि जमीन किती भार सोसेल याचा हिशेब आधी मांडावा लागतो.

चुना : भिंतीचा सांधा

दोन दगडांमध्ये जो चुना असतो, त्याची रासायनिक कथा मनोरंजक आहे. चुनखडी हे कॅल्शियम कार्बोनेट होय. ती भट्टीत सुमारे ९०० अंश सेल्सियसपर्यंत तापविली की तिच्यातील कार्बन डायॉक्साइड वायू निघून जातो व कळीचा चुना उरतो. त्यावर पाणी घातले की तो फसफसून, प्रचंड उष्णता देऊन विरतो. हा विरलेला चुना वाळूबरोबर घाणीत मळून भिंतीत भरला म्हणजे तो हवेतील कार्बन डायॉक्साइड सावकाश शोषून घेतो आणि पुन्हा कॅल्शियम कार्बोनेट बनतो. जो दगड भट्टीत मोडला, तोच दगड भिंतीत परत जुळून येतो.

परंतु ओल्या जागी हवा पोहोचत नाही. तेथे साधा चुना मऊच राहतो. यावर गंगेच्या खोऱ्यातील गवंड्यांजवळ दोन उपाय होते. पहिला, कंकरचा चुना. नदीकाठच्या मातीत सापडणाऱ्या कंकराच्या गाठींत चुनखडीबरोबर चिकणमातीचाही अंश असतो, आणि त्या भाजून केलेला चुना पाण्याच्या सान्निध्यातही घट्ट होतो. दुसरा उपाय सुरखीचा. भाजलेल्या विटांची पूड चुन्यात मिसळली की तिच्यातील सिलिका चुन्याशी संयोग पावते व तोच गुण येतो. रोमन लोक ज्वालामुखीची राख मिसळून हेच साधीत. दोन दूरच्या देशांतील गवंडी एकाच रसायनापर्यंत पोहोचले, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

चौक, झरोका आणि छज्जा

शहराच्या बाजूने किल्ल्यात शिरावयाचे तर उंच दरवाजा ओलांडावा लागतो. आत एकापुढे एक उघडे चौक आहेत. चौकांच्या भोवती कमानींच्या ओळी, दालने आणि मंडप आहेत. एका अंगास राजघराण्याचे निवासस्थान व दुसऱ्या अंगास दरबाराचे दालन, अशी विभागणी आहे. नदीच्या बाजूस वेदव्यासांचे मंदिर आहे. बांधणीची शैली मोगल वळणाची आहे : महिरपी कमानी, कोरीव सज्जे, घुमटीची छत्रे.

या अलंकारांना कार्य आहे. दगड दाबाचा भार उत्तम सोसतो, पण ताण किंवा वाक सोसण्याची त्याची शक्ती दाबाच्या मानाने सुमारे दहावा भाग किंवा त्याहूनही कमी असते. म्हणून दगडाचा उत्तरंग फार लांब ठेवता येत नाही. तो मध्ये तडकतो. मोठे अंतर झाकावयाचे तर कमान वळवितात, कारण कमानीतील प्रत्येक पाचरी दगड शेजारच्या दगडावर रेलतो आणि सारा भार दाबाच्याच रूपाने खांबांत उतरतो. भिंतीबाहेर काढलेला सज्जाही असाच तोड्यांवर पेललेला असतो : घडीव दगडाचे एक टोक भिंतीत खोल गुंतवून त्यावर वरच्या भिंतीचा भार ठेवतात, म्हणजे बाहेरचे टोक खाली झुकत नाही. तोड्यावरील वेलबुट्टी पाथरवटाच्या हौसेची. तोडा मात्र गरजेचा.

उष्णतेचा विचारही असाच. नदी किल्ल्याच्या पश्चिमेस आहे. वैशाख-ज्येष्ठातील दुपारचे ऊन पश्चिमेच्या भिंतीवर तिरपे आणि दीर्घकाळ पडते. म्हणजे सर्वांत रमणीय बाजू हीच सर्वांत तापणारी बाजू होय. अशा दर्शनी भागावर झरोके, खोल कमानी व छज्जे आले की भिंतीवर सावली पडते, आणि तरीही नदीवरचा वारा आत येऊ शकतो. मध्यान्हीचे ऊन छज्जा अडवितो. उतरते ऊन अडविण्यास खोल ओसरी आणि जाळी लागते. दगडाची जाड भिंत दिवसाची उष्णता आत पोहोचावयास कित्येक तास लावते. ती पोहोचेपर्यंत बाहेर रात्र झालेली असते. रात्री उघड्या चौकातील फरशी आकाशाकडे उष्णता टाकून निवते, गार झालेली जड हवा चौकात साठते व भोवतालच्या दालनांत पसरते. शेतकऱ्याच्या घरचे अंगण आणि राजाच्या वाड्यातील चौक हे दोन्ही याच नियमाने गार राहतात.

किल्ला आणि गाव

१७८१ साली या वास्तूची परीक्षा झाली. त्या वर्षीच्या ऑगस्टात वॉरन हेस्टिंग्जने बलवंतसिंहांचे पुत्र राजा चेतसिंह यांना वाराणसीतील शिवाला घाटावरच्या वाड्यात अटकेत ठेवले. चेतसिंह तेथून नदीच्या बाजूने निसटले आणि पलीकडे रामनगरला पोहोचले. पाठलागावर धाडलेली कंपनीची एक तुकडी रामनगरच्या अरुंद गल्ल्यांत शिरली आणि मोठी हानी सोसून मागे फिरली. स्वतः हेस्टिंग्जला वाराणसी सोडून चुनारच्या किल्ल्याचा आश्रय घ्यावा लागला. शेवटी चेतसिंहांचे राज्य गेले. परंतु तटापेक्षाही गावाच्या वाकड्या वाटांनी त्या दिवशी अधिक संरक्षण केले, ही गोष्ट नगररचनेच्या अभ्यासकाने विसरता कामा नये.

शांततेच्या काळात याच गावाने निराळे रूप घेतले. रामनगरची रामलीला एका रंगमंचावर होत नाही. गावातील आणि भोवतालच्या निरनिराळ्या जागा अयोध्या, जनकपूर, लंका म्हणून ठरलेल्या आहेत, आणि सुमारे ३१ दिवस प्रेक्षक कथेबरोबर एका स्थळाहून दुसऱ्या स्थळी चालत जातात. काशीनरेश हत्तीवरून लीलेस येतात, अशी परंपरा आहे. रामलीलेच्या परंपरेचा समावेश २००८ साली युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत केला. किल्ल्याचा दरवाजा, रस्ता, तलाव आणि मैदान यांची मांडणी एकत्र पाहिल्याखेरीज या वास्तूचा पूर्ण अर्थ लागत नाही.

१९४९ साली बनारस संस्थान उत्तर प्रदेशात विलीन झाले. दरबाराच्या जागी संग्रहालय उघडले गेले. पालख्या, शस्त्रे, जुन्या मोटारी, हस्तलिखिते आणि ग्रहनक्षत्रांची स्थिती दाखविणारे एक नामांकित घड्याळ तेथे आहे. याच रामनगरात लालबहादूर शास्त्री यांचे साधे वडिलोपार्जित घर आहे व तेही आता स्मारक म्हणून जतन केलेले आहे. राजाचे घर आणि सामान्य कुटुंबातून पंतप्रधानपदापर्यंत पोहोचलेल्या पुरुषाचे घर एकाच गावात पाहावयास मिळावे, हा अभ्यासकाचा लाभच होय.

जीर्णोद्धाराचा प्रश्न

अशा वास्तूंचे पुढे काय होणार, हा प्रश्न केवळ रामनगरचा नाही. तो महाराष्ट्रातील प्रत्येक गढीचा, वाड्याचा आणि नदीकाठच्या देवळाचा आहे. जुन्या इमारतींचा नाश बहुधा दोन रीतींनी होतो. एक दुर्लक्षाने : भिंतीच्या फटीत पिंपळाचे बी रुजते, मूळ पाचरीसारखे वाढते आणि दगड उचकटते. दुसरी रीत अधिक दुःखद आहे, कारण ती सद्हेतूने होते. दर्जा सुटल्या की त्या सिमेंटने भरतात.

सिमेंट चुन्यापेक्षा कठीण आहे, मग त्याने अपाय का व्हावा ? उत्तर असे. नदीकाठच्या भिंतीत केशाकर्षणाने जमिनीतील ओल सतत वर चढत असते व तिच्याबरोबर विरघळलेले क्षारही येतात. दर्जांत चुना असेल तर ही ओल चुन्याच्या सूक्ष्म छिद्रांतून बाहेर पडते. क्षारांचे स्फटिक चुन्यात बनतात आणि चुना झिजतो. दहा-वीस वर्षांनी चुना पुन्हा भरावयाचा, दगड शाबूत राहतो. दर्जांत सिमेंट असेल तर ही वाट बंद होते. ओल दगडातूनच बाहेर पडू लागते, क्षारांचे स्फटिक दगडाच्या पृष्ठाआड वाढतात, आणि त्यांच्या रेट्याने दगडाचे पापुद्रे सुटतात. यालाच भिंतीला लोणा लागणे म्हणतात. काही काळाने सिमेंटची चौकट तशीच शिल्लक राहते आणि मधला कोरीव दगड मात्र पोखरलेला दिसतो. सांधा हा दगडापेक्षा दुबळा असावा, ही जुन्या गवंड्यांची समजूत अडाणीपणाची नव्हती. झीज कोणी सोसावी हे त्यांनी विचारपूर्वक ठरविलेले होते.

यावरून एवढे दिसून येईल की, वास्तू जतन करणे म्हणजे केवळ दगड जतन करणे नव्हे. चुना विरविण्याचे, सुरखी मिसळण्याचे आणि थर ओळखून दगड बसविण्याचे ज्ञान जिवंत राहिले तरच दगड टिकेल. हे ज्ञान ज्यांच्या हातांत आहे असे गवंडी व पाथरवट दिवसेंदिवस थोडे होत आहेत. पडलेली कमान पुन्हा उभारता येते. विसरलेली विद्या पुन्हा उभारणे फार कठीण.

अभ्यासासाठी

१. आपल्या गावातील जुन्यात जुने घर, वाडा अथवा देऊळ निवडावे. त्याचा दगड, वीट वा माती कोठून आली व ती कोणत्या वाटेने आणली गेली, याची वडीलधाऱ्या मंडळींकडे चौकशी करावी.

२. त्या इमारतीचे तोंड कोणत्या दिशेस आहे, आणि ऊन, पाऊस व वारा यांपासून बचाव करण्यासाठी कोणती योजना केली आहे, ते रेखाकृती काढून दाखवावे.

३. उन्हाळ्यातील एका दिवशी सकाळी, दुपारी व रात्री अंगणातील, सोप्यातील आणि आतल्या खोलीतील तापमान उष्णतामापकाने मोजून तक्ता तयार करावा. आतल्या खोलीतील सर्वाधिक तापमान बाहेरच्यापेक्षा किती उशिरा येते, ते पाहावे.

४. भिंतीला लोणा लागला असल्यास तो जमिनीपासून किती उंचीपर्यंत चढला आहे, आणि जेथे दर्जा सिमेंटने भरल्या आहेत तेथील दगड व जेथे चुना आहे तेथील दगड यांच्या स्थितीत काही फरक दिसतो काय, याची नोंद करावी.